कानाने तळायचा पदार्थ

कटलेट म्हटलं की आपल्याला रेल्वेतलं, बिटाने लालभडक झालेलं बटाट्याचं कटलेट आठवतं आणि सोबतची ती फाटता न फाटणारी सॉसची पुडी. जपानमधला तोन्कात्सु त्याचाच चुलतभाऊ. घराण्याचा मूळपुरुष युरोपातला, पण जपानला गेलेल्या शाखेने जास्त नाव काढलं. डुकराच्या मांसाचा चांगला दोन सेंटिमीटर जाड तुकडा मैदा, अंडं आणि पावाचा चुरा या क्रमाने घोळवून भरपूर तेलात तळायचा. कृती एवढीच. म्हणूनच ती जमायला कठीण.

जपानी माणसाने हा पदार्थ मनावर घेतला तोही उशिराच. सन 675 मध्ये तेम्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली आणि पुढे कित्येक शतकं मांस खाणं तिथे काहीसं चोरून करायचं काम राहिलं. 1872 साली मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्लं, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. मग तोक्योच्या गिन्झा भागातल्या रेंगातेई या 1895 साली निघालेल्या हॉटेलाने लोण्यात परतायचं कटलेट तेम्पुरासारखं, म्हणजे जपानी भज्यांसारखं, भरपूर तेलात सोडलं. बाजूला कच्च्या कोबीचा ढीग आला तो रशियाशी युद्ध पेटल्यावर. स्वयंपाकघरातली तरणी पोरं लढाईवर गेली, भाज्या शिजवत बसायला हात उरले नाहीत, तेव्हा कोबी बारीक चिरून तसाच वाढला, असं सांगतात. अडचणीत काढलेली ही पळवाट इतकी चपखल बसली, की आज कोबीशिवाय तोन्कात्सु वाढला तर गिऱ्हाईक ताट परत पाठवेल.

खरी करामत मात्र चुऱ्यात आहे. आपण शिळा पाव मिक्सरमधून काढतो, त्याची रवाळ पूड होते आणि ती तुकड्याला लेपासारखी चिकटते. जपानी पांको लांबट, टोकदार, कपच्यांसारखा असतो. त्यासाठीचा पाव बऱ्याच कारखान्यांत भट्टीत न भाजता त्यातून वीज सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला तांबूस कड येतच नाही. अशा कपच्या एकमेकींवर आडव्यातिडव्या बसतात, मध्ये हवा राहते आणि कवच जड न होता चुरचुरीत होतं. घोळवताना चुरा थापू नये; वरून भुरभुरवून तळव्याने हलकेच टेकवावा. पाकिटातला सुका पांको असेल तर आधी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा, कपच्या फुलतात.

घोळवण्याआधीचं एक काम बरेच जण टाळतात. चरबीची पांढरी कड आणि मांस यांच्या सीमेवर एक चिवट पडदा असतो. त्याला चारपाच ठिकाणी सुरीच्या टोकाने छेद दिला नाही, तर तेलात पडताच तुकडा आक्रसतो, वाटीसारखा वळतो आणि कवच सुटून येतं.

तेल साधारण 170 अंशांवर असावं. तुकडा सोडला की मोठमोठे बुडबुडे आणि जाड, ओला आवाज. आता झारा खाली ठेवायचा आणि ऐकायचं. आतलं पाणी कमी होत जातं तसे बुडबुडे बारीक होतात, आवाज चढा आणि कोरडा होतो, तुकडा वर तरंगू लागतो. रंगावर विसंबलात तर फसाल, कारण चुरा आधी लाल होतो आणि मांस मागे राहतं. काढल्यावर कागदावर आडवा टाकू नये, खालची बाजू स्वतःच्याच वाफेने भिजते. जाळीवर उभा करून दोनतीन मिनिटं सोडावा. उरलेलं शिजणं तो तिथेच पुरं करतो.

एवढ्या उपद्व्यापाने कमावलेला कुरकुरीतपणा हेच जपानी लोक कात्सुदोन या भातावर वाढायच्या पदार्थात खुशाल बुडवतात: गोडसर रस्सा, कांदा, वरून अर्धवट गोठलेलं अंडं आणि झाकण. माझ्या मते हा अन्याय आहे, पण फार चविष्ट अन्याय. कात्सु करीची गोष्टही मजेची. 1948 साली योमिउरी जायंट्सचा बेसबॉलपटू चिबा शिगेरू याने गिन्झातल्याच एका हॉटेलात घाई म्हणून कटलेट करीभातावरच टाकायला सांगितलं, अशी तिची प्रसिद्ध जन्मकथा.

खाताना सुरीकाट्याची गरज नाही. पट्ट्या स्वयंपाकघरातच कापून येतात, चॉपस्टिक्सनी उचलता येतील अशा. समोर छोट्या खरबरीत खलात भाजलेले तीळ येतात. ते कुटून वर आंबटगोड दाट सॉस ओतायचा. पण पहिली फोड नुसत्या मिठासोबत आणि मधलीच घ्यावी, कडेची चरबीवाली मागाहून मोहरीच्या नखभर गोळीसोबत. कोबी संपला तर संकोच करू नये. बऱ्याच दुकानांत कोबी, भात आणि मिसो सूप पुन्हा वाढतात, तेही फुकट.