थर्ड पार्टी

आमच्या गावात ‘थर्ड पार्टी’ म्हटलं की मोटरसायकलचा विमा. त्यामुळे नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेली कॅमेऱ्याची लेन्स शाळेच्या व्हरांड्यात उलगडताना मी ‘ही थर्ड पार्टी आहे’ असं बोलून गेलो, तेव्हा आमचे शिपाईमामा दचकलेच. “इमा काहून काढला गुरुजी? कोनाले ठोकलं का?” मग त्यांना समजावलं, की कॅमेरा एका कंपनीचा आणि लेन्स दुसरीची, पण ती बनवलेली याच कॅमेऱ्याला बसेल अशी. मामांनी लेन्स हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, “म्हंजे घरजावई.”

नऊ वर्षं झाली. यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

लेन्स 17-50 मिलिमीटरची आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे दीडपट करून जुन्या फिल्मच्या हिशोबात ती साधारण 25 ते 75 होते. म्हणजे एका टोकाला अख्खा मांडव आणि दुसऱ्या टोकाला एकट्या माणसाचा चेहरा. गळ्यात अडकवली की दिवसभर बदलावी लागत नाही. शिवाय कुठल्याही टोकाला तिचं उजेडाचं छिद्र 2.8 पर्यंत उघडतं (हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). कॅमेऱ्यासोबत मिळालेली लेन्स लांबच्या टोकाला 5.6 च्या पुढे उघडायला तयार नसे. दोन्हींच्या उजेडात चौपटीचा फरक आहे. जिथे जुनी लेन्स सेकंदाचा तिसावा भाग मागायची, तिथे हिचं काम सव्वाशेव्या भागात होतं. सेकंदाच्या तिसाव्या भागात आमच्या दुसरीतलं पोरगं नाक पुसून, शेजाऱ्याला चिमटा काढून पुन्हा सरळ बसलेलं असतं. कॅमेरा कंपनीची स्वतःची 2.8 वाली लेन्सही होती, पण तिची किंमत साधारण तिप्पट. तेवढ्यात एक बरा बैल आला असता.

हिचं नाव मात्र मी सांगणार नाही. पुढे तिच्या तक्रारी करायच्या आहेत, आणि घरच्या माणसाचं गाऱ्हाणं मांडताना नाव घेऊ नये, अशी आमच्याकडची जुनी रीत. बाकी या घरजावयांचं खानदान काही हलकं नाही. टॅमरॉन ही लेन्सा बनवणारी जपानी कंपनी 1950 पासूनची. तिचं नाव तामुरा नावाच्या तंत्रज्ञाच्या आडनावावरून पडलं. 28-200 ची आटोपशीर, एकात सगळं देणारी झूम तिनं 1992 मध्ये काढली. तशीच दुसरी सिग्मा, 1961 ची, आणि तिचा कारखाना जपानच्या फुकुशिमा प्रांतात आइझू भागात आहे. तो तांदळाचा मुलूख आहे, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. शेवटी आमच्यासारखी धानपट्ट्यातलीच माणसं ती. अडचण एवढीच, की आपला कॅमेरा लेन्सशी कुठल्या भाषेत बोलतो ते कॅमेरा कंपन्या बाहेरच्यांना सहसा सांगत नसत. यांनी ती दाराआड उभं राहून ऐकून ऐकून शिकायची. मग एखादा नवा कॅमेरा बाजारात यायचा, दोन नवे शब्द बोलायचा, की जुनी लेन्स गोंधळून गप्प.

गावात कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न वाघाचा. आमचं गाव पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातलं. इथे वाघ जंगलात असतो तसा बंधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरही असतो. ताडोब्यात येणारे पाहुणे हातभर लांब लेन्सा घेऊन जिप्सीत बसलेले सगळ्यांनी पाहिलेले. त्यामुळे माझी वाटीएवढी लेन्स बघून पोट्टे विचारतात, “गुरुजी, इच्यातून वाघ निंघते का?” निघतो की. फक्त 50 वर वाघ फोटोत भरायचा तर इतकं जवळ जावं लागेल, की फोटो पाहायला आपण उरणार नाही. म्हणून मी माणसं काढतो, बैल काढतो, धान काढतो. म्हणजे धानाचे फोटो काढतो. धान काढणारे वेगळे.

पहिल्याच पोळ्याला घोटाळा झाला. तोरणाखाली जोड्या उभ्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगात आलेल्या, वरून आभाळ दाटलेलं. मी 17 वर जाऊन एका बैलाच्या अगदी पुढ्यात बसलो. झूल, बेगड, बाशिंग, मागचा अख्खा गाव, सगळं एका चौकटीत. मी खूष. दुसऱ्या दिवशी मालक शाळेत हजर. “माह्या बैलाचं थुतर मंगरावानी कायले दिसते? अन् मी मांगं येवढासाच?” जवळून रुंद टोक वापरलं की पुढचं फुगतं आणि मागचं आकसतं, हे मी फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग मांगून काहून नाई काढला?” बरोबर होतं त्यांचं. पुढच्या वर्षी चार पावलं मागे सरून 50 वर काढला. तो फोटो त्यांच्या घरात देवाशेजारी आहे.

मोटरसायकलवर गळ्यात लटकवली की खड्ड्याखड्ड्याला ती हत्तीच्या सोंडेसारखी लांब होत जाते. कुलपाची कळ आहे, पण ते कुलूप फक्त 17 वर लागतं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून झूमच्या रिंगवर चढवली, तेव्हापासून सोंड वर. तिची फोकस लावणारी मोटर दळणाच्या चक्कीसारखी घरघरते. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरू नये म्हणून तिला स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं लागतं. घरात कुणीही डबा उघडला की चिवड्याच्या आशेनं.

खरा त्रास फोकसचा. चेहऱ्यांचे फोटो यायचे, पण डोळ्यांपेक्षा नाकाचा शेंडा धारदार. शेवटी वर्गातल्या बाकावर दहा खडू तिरप्या ओळीत उभे केले आणि पाचव्यावर नेम धरला. फोटोत चौथा खडू लख्ख आणि पाचवा मऊ. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. महागड्या कॅमेऱ्यांत ही चूक सुधारायची सोय असते, माझ्यात नाही. मागच्या पडद्यावर बघून काढलं तर नेम बरोबर लागतो, कारण तेव्हा खुद्द सेन्सरच बघत असतो. पण तोवर समोरचा माणूस हसून, कंटाळून, गाय सोडायला निघून गेलेला असतो. मग उपाय शोधला: डोळे हवेत, तर नेम कानावर. कान नाकडोळ्यांच्या मागे असतो, तेवढ्यात हिशोब जुळतो. कान पकडला की डोळे उघडतात, हे मास्तरकीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला दुकानदारानं सांगायला नको होतं. त्यानं सांगितलंही नव्हतं म्हणा.

या लेन्सनं माझ्यासाठी जे केलं, ते मात्र रात्रीचं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या जंगल-धानाच्या मुलखात, मंडया (गावच्या जत्रा) भरतात आणि नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. ब्लँकेट पांघरलेली माणसं, मांडीवर झोपलेली पोरं, रंगमंचावरच्या उजेडात चमकणारी नथ. जुन्या लेन्सनं हे सगळं हललेलं, नाहीतर काळंकुट्ट यायचं. हिला 2.8 वर उघडली आणि कुडकुडणाऱ्या म्हातारीच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा आलं. एकदा नायिका बापाचा निरोप घेत होती, सगळं गाव चिडीचूप, आणि माझी चक्की घरघरली. पुढच्या रांगेतल्या आजीनं वळून असं पाहिलं, की तेव्हापासून निरोपाच्या प्रसंगी मी फोकसची रिंग हातानं फिरवतो.

एक तक्रार राहिली. कॅमेरा कंपनीच्या लेन्सची झूम रिंग ज्या बाजूला फिरते, हिची त्याच्या उलट. हाताला नवी सवय लावायला वर्ष गेलं. लागली असं मला वाटत होतं.

मागच्या मंडईची गोष्ट. नाटक पाहून पहाटे परतत होतो. कॅमेरा गळ्यात, धुकं, दोन्ही बाजूंना कापलेल्या बंध्या आणि पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग. वळणावर हेडलाइटच्या उजेडाच्या पार पुढे तो रस्ता ओलांडत होता. घाई नाही, गडबड नाही, जणू सातबारा त्याच्याच नावावर. मी गाडी बंद केली. हात थरथरत होते. ट्यूबची चकती सरकवली, रिंग जोरात फिरवली, दाबलं. तीन फोटो. मग तो पऱ्हाटीत शिरला.

घरी येऊन पाहिलं. घाबरलेला हात जुन्या सवयीनं फिरला होता. तिन्ही फोटो 17 वर. त्यात अख्खा रस्ता होता, वरचं फिकट आभाळ होतं, एका कोपऱ्यात माझ्याच गाडीचा आरसा होता आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी तांबूस.

मोठा करून शाळेत लावला. पोट्ट्यांनी एकमतानं ते कुत्रं ठरवलं. शिपाईमामा बराच वेळ जवळ जाऊन बघत राहिले, मग त्यांनी बोट ठेवलं, दाण्यावर नाही, रस्त्याच्या डाव्या अंगाला.

“हे पुंजनं माह्या बंधीतलं होय, गुरुजी. मस्त आलं. याची एक कापी मले पायजे.”