ईएसआयची आजारपणाची रजा: पैसे कुठे अडकतात

पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापला जातो, वर मालक ३.२५ टक्के भरतो. तरीही टायफॉइडने पंधरा दिवस घरी बसलेल्या कामगाराच्या खात्यात कधी कधी दमडी येत नाही. कारण बहुतेक वेळा तारखांत सापडतं.

एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली की तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरमध्ये कामी येते. म्हणजे आज आजारी पडलात तर हिशोब या जोडीतल्या आधीच्या वर्गणी-सहामाहीचा. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. मधे दोन-तीन महिने ब्रेक दिलेले कंत्राटी कामगार नेमके इथेच गळतात. नवीन माणसाचं आणखी वेगळं: १ मे रोजी पहिल्यांदा ईएसआयमध्ये आलेल्याला आजारपणाचे पैसे नऊ महिन्यांनी, १ फेब्रुवारीपासून लागू होतात. वर्गणीची पहिली मुदत तोकडी असल्याने तिच्यातल्या कामाच्या निम्म्या दिवसांची वर्गणी पुरते. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून, त्यासाठी थांबायची गरज नाही.

रक्कम सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के. समजा पगार १८,००० आहे आणि सहा महिन्यांत एकही खाडा नाही. १,०८,००० भागिले १८३ दिवस, म्हणजे रोजचे ५९० रुपये. त्याचे ७० टक्के ४१३. दहा दिवसांचं आजारपण असेल तर पहिले दोन दिवस कोरे जातात, उरलेल्या आठ दिवसांचे साधारण ३,३०० मिळतात. रविवारही धरला जातो. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ते दोन कोरे दिवस लागत नाहीत, म्हणून ताप उलटला की नवं सर्टिफिकेट घ्यायला आळस करू नका. लागोपाठच्या दोन लाभ-मुदतींत (जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर या सहामाहींत) मिळून कमाल ९१ दिवस.

सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्याचं किंवा पॅनल डॉक्टरचं हवं, आणि आजारपण सुरू झाल्याबरोबर घेतलेलं हवं. खासगी डॉक्टरचा कागद ईएसआयचं शाखा कार्यालय रिपोर्ट बघून विचारात घेऊ शकतं, पण ते त्यांच्या मर्जीवर. त्याच्या भरवशावर राहू नये. बरं झाल्यावर कामावर जायला फिट असल्याचं शेवटचं सर्टिफिकेट घ्यायचं राहून जातं आणि क्लेम तिथेच लटकतो.

सगळ्यात जास्त घोळ एचआरच्या टेबलावर होतो. ज्या दिवसाचा पगार किंवा पगारी रजा मिळाली, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. शाखा कार्यालय कंपनीला विचारतं, हा माणूस खरंच गैरहजर होता का, पगार दिला का? एचआरने चांगुलपणाने त्याच दिवसांची पीएल (साठलेली पगारी रजा) टाकून ठेवली असेल तर तेवढे दिवस क्लेममधून वजा. शिल्लक पीएल आणि ईएसआय यांत आधी हिशोब करा: चार-पाच दिवसांच्या सर्दी-तापाला पीएल परवडते, महिनाभराच्या काविळीला ती जाळण्यात अर्थ नाही.

टीबी, कॅन्सर, पक्षाघात अशा यादीतल्या दीर्घ आजारांना ९१ दिवसांनंतर ८० टक्के दराने वाढीव लाभ आहे, पण त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार सहामाहींत १५६ दिवसांची वर्गणी लागते.

आजारी आईजवळ बसायला घेतलेल्या रजेला यातला एक पैसाही नाही. तिचं नाव कार्डावर असेल तर उपचार होतील, रजा तुमची तुम्ही बघायची. ही योजनेतली मोठीच उणीव.

पगारवाढ झालेल्यांनी स्लिप नीट बघावी. जूनमध्ये पगार २१,००० या ईएसआयच्या पगारमर्यादेच्या वर गेला तरी कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहायला हवी, आणि त्या वर्गणीवर पुढच्या ३० जूनपर्यंत लाभ मिळतो. जुलैच्या स्लिपवर ईएसआयचा रकाना रिकामा दिसला तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी विचारा.