निदानाच्या नावासाठी थांबू नये

“मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला.” ठाण्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या आज्यांच्या तोंडून ऐकले आहे की त्यावर वाद घालणे आता सोडून दिले आहे. आजीचे म्हणणे पुष्कळदा खरेही ठरते, कारण काही मुले उशिरा बोलू लागतात आणि पुढे कुठेही मागे पडत नाहीत. मात्र कोणते मूल आपोआप बोलेल आणि कोणाला मदत लागेल हे दीड-दोन वर्षांच्या वयात खात्रीने सांगता येत नाही, आणि मेंदूतील जोडण्या ज्या काळात सर्वाधिक वेगाने घडतात तोच काळ वाट पाहण्यात निघून जातो.

शीघ्र हस्तक्षेपासाठी, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलाला लवकरात लवकर मदत देण्यासाठी, आजाराचे नाव ठरलेले असावे लागत नाही, ही गोष्ट पालकांना सर्वांत उशिरा कळते. ऑटिझम आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत ते एका डॉक्टरांकडून दुसऱ्यांकडे जात राहतात. दीड वर्षाचे मूल चालत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल व हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास आणि मदत सुरू करण्यास एवढे कारण पुरेसे आहे. मूल अपुऱ्या दिवसांचे असल्यास दोन वर्षांपर्यंत त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

बोलणे लांबले असेल तर आधी कान तपासावेत, याबाबत मी काहीशी हट्टी आहे. “टाळी वाजवली की बघतो, कुकरची शिट्टी झाली की दचकतो, त्याला ऐकू येतं,” असे घरचे ठामपणे सांगतात. पण मोठे आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक, उंच पट्टीतील ध्वनी ऐकू येत नसतील, तर बोलणे त्याच्यापर्यंत तुटक, अर्धवट पोहोचते आणि ते तसेच त्याच्या तोंडून बाहेर येते. नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास त्याचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. कानात मंद आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी ओएई ही चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते आणि गरज पडल्यास पुढे बेरा, म्हणजे आवाजाला श्रवणनाडी व मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी चाचणी, केली जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमानुसार फिरते आरोग्य पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते आणि पुढील उपचारांसाठी मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. कागदावरची ही व्यवस्था प्रत्यक्षात कुठे कशी चालते हा वेगळा विषय आहे, परंतु तिची रचना अंगणवाडी आणि सरकारी किंवा अनुदानित शाळांभोवती आहे. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीत राहणारे, खासगी प्लेस्कूलमध्ये जाणारे मूल या तपासणीत येतच नाही. त्याची सारी भिस्त लसीकरणाच्या भेटीवर असते, आणि तिथे रांग मोठी असली की वजन, उंची व लस यांपलीकडे विचारपूस क्वचितच होते. म्हणून “डॉक्टर, याच्या विकासाचे टप्पे तपासून पाहता का?” हे पालकांनी स्वतःहून विचारावे. नवी मुंबईच्या पालकांना वाशीतील महानगरपालिकेचे ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवा केंद्र जवळ पडते.

निदानाचे नाव लागते ते प्रमाणपत्रासाठी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रानंतर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळू शकते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. ते काम सावकाश होऊ द्यावे, थेरपी त्यासाठी अडवू नये.

थेरपी केंद्र निवडताना मी एकच गोष्ट पाहण्यास सांगते, ती म्हणजे पालकांना आत बसू देतात की नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास मूल बंद दाराआड राहिले आणि आई बाहेर मोबाइल पाहत बसली, तर उरलेल्या आठवड्याचे काय? आंघोळ घालताना, भाजी निवडताना, लिफ्टची वाट पाहताना मुलाशी काय आणि कसे बोलावे हे आईबाबांना शिकवणे, हाच या सेवेचा गाभा आहे.

याच संदर्भात आणखी एक सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो: मूल बोलत नाही, तर घरी मराठी थांबवा आणि शाळेसाठी फक्त इंग्रजी बोला. दोन भाषा कानावर पडल्याने बोलण्याचा विकास खुंटतो, असे संशोधनात आढळलेले नाही. उलट आजीला इंग्रजी येत नसेल, तर दिवसभर मुलाशी सर्वाधिक बोलणारी व्यक्तीच त्या घरात गप्प होते, आणि हे नुकसान कोणतीही थेरपी भरून काढू शकत नाही. आजीने मराठीतच बोलावे, आणि भरपूर बोलावे.