तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत युद्धाचं ठरवतं कोण?

अमेरिकेने कुठे बॉम्ब टाकले की पुण्याहून कोणीतरी फोनवर विचारतंच, काय रे, तुमच्याकडे युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तुमच्या संसदेला आहे ना, मग राष्ट्राध्यक्ष परस्पर हे कसं काय करतो?

आहे ना, घटनेच्या पहिल्याच कलमात आहे. पण रीतसर युद्ध शेवटचं जाहीर झालं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी, रोमानियाविरुद्ध. १९५० ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने काँग्रेसचं मत न घेताच कोरियात सैन्य उतरवलं, त्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हटलं आणि तो पायंडाच पडला. मग १९६४, व्हिएतनामजवळचं टोंकिनचं आखात, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला तिथे लढायला हाउसने (काँग्रेसचं खालचं सभागृह) ४१६ विरुद्ध ० मतांनी मोकळं रान दिलं, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, विरोधात फक्त दोघं, आणि अमेरिकी जहाजांवरच्या ज्या दोन हल्ल्यांवरून हे सगळं झालं त्यातला दुसरा झालाच नव्हता!

माझं मत विचाराल तर खरा ब्रेक होता ड्राफ्टचा, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीचा. १ डिसेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये टीव्हीवर लाइव्ह लॉटरी काढली, काचेच्या बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक जन्मतारीख, पहिली निघाली १४ सप्टेंबर, म्हणजे त्या तारखेला जन्मलेली, वयात बसणारी पोरं रांगेत पहिली. आपल्या पोराची तारीख त्या बरणीत असेल तर व्हिएतनामकडे कोण नुसती बातमी म्हणून बघेल?

१९७३ ला राष्ट्राध्यक्ष निक्सनचा व्हेटो मोडून काँग्रेसने वॉर पॉवर्स कायदा केला, ४८ तासांत कळवा, परवानगी नाही मिळाली तर ६० दिवसांत आवरतं घ्या वगैरे. त्याच वर्षी ड्राफ्टही बंद झाला. गाजला कायदा, पण राष्ट्राध्यक्षाचे हात खरे मोकळे केले ते ड्राफ्ट जाण्याने, कारण त्यानंतर लढायला जाणारी पोरं बहुतेकांच्या घरातली राहिलीच नाहीत.

२०११ ला लिबियातल्या हवाई हल्ल्यांचे ६० दिवस उलटून गेले तेव्हा ओबामा सरकार म्हणालं, जमिनीवर आपलं सैन्यच नाही, मग कायद्यात म्हटलंय तशी ही लढाई नव्हेच (आणि हे गृहस्थ पूर्वी घटनेचे मास्तर, बोला आता). हाउसने एकाच दिवशी परवानगी पण नाकारली आणि पैसा रोखायचा ठरावही पाडला, लोकांनी थोडी कुरकुर केली आणि विसरले.

ड्राफ्टसाठी नाव नोंदवणं मात्र १९८० पासून परत सुरू आहे, ग्रीन कार्डवाल्या आपल्या मराठी पोरांनासुद्धा ते लागू आहे. माझ्या ओळखीतले आईबाप तो कॉलेजच्या फॉर्मांसारखाच अजून एक फॉर्म समजतात.