बाइंडिंगचा एवढासा ब्रॅकेट आणि 'मूळ कारण' : माझा अनुभव

स्नोबोर्डच्या बाइंडिंगसाठी मी एक छोटा ब्रॅकेट शोधला. तो बनवून देणाऱ्या मोल्डिंग कंपनीच्या पोर्टलवर 'बदलाचं मूळ कारण निवडा' असा एक रकाना होता. त्याखाली तीनच पर्याय: ग्राहकाच्या डिझाइनमधली त्रुटी, ग्राहकाची बदललेली गरज, आणि इतर. 'आमच्याकडून चुकलं' हा पर्याय नव्हताच. या एका रकान्यानं माझा जवळजवळ अख्खा हिवाळा खाल्ला. अजूनही आठवलं की डोकं भणभणतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी सॉल्ट लेक सिटीत राहते, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर. इथल्या डोंगरांच्या नादानं स्नोबोर्डिंग शिकले. (अल्टा आणि डीअर व्हॅली इथं स्नोबोर्डला बंदी आहे, तिथं फक्त स्की. म्हणून आम्ही आपले ब्रायटनला.) ज्यांनी स्नोबोर्ड पाहिला नाही त्यांच्यासाठी: फळी एक आणि पाय दोन्ही तिच्यावर आडवे. प्रत्येक पाय एका बाइंडिंगमध्ये. खाली बेसप्लेट, मागे पोटरीला टेकणारा हायबॅक, बोटांवरून एक पट्टा आणि घोट्यावरून एक. बेसप्लेटच्या मधोमध एक चकती असते आणि तिच्यातून एम ६ चे स्क्रू फळीत जातात. स्कीचं बाइंडिंग पडताना ठरावीक जोराला सुटतं आणि ते किती जोराला सुटावं याचे आंतरराष्ट्रीय मानदंड आहेत. स्नोबोर्डचं सुटत नाही. ते सुटू नये असंच बनवलेलं असतं, कारण एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर गुडघ्याचं काही खरं नाही.

लिफ्टवर चढताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो. वर उतरलं की बर्फात बसा किंवा वाका आणि तो पाय परत आवळा. इथं माझं दुखणं सुरू होतं. घोट्याचा जाड पट्टा टाचेच्या कपाला (बेसप्लेटवरच्या, टाचेमागच्या कमानीला) आतल्या बाजूनं जोडलेला असतो. बकल उघडलं की तो बरोब्बर बेसप्लेटवर आडवा पडतो. बूट त्याच्यावर पडतो, पट्टा बर्फात रुततो, हातमोज्यांनी तो उकरून काढायचा, तोवर मागून आलेले चार पोरगे उभ्या उभ्या पट्टे आवळून खाली पसार.

'मग पट्टेच कशाला, स्टेप-इन घे,' असं सगळे सांगतात. म्हणजे बूट नुसता दाबला की अडकणारं, बिनपट्ट्यांचं बाइंडिंग. बर्टन कंपनीचं स्टेप ऑन २०१७ साली आलं. पुढे दोन आणि टाचेला एक अशा तीन जागी बूट अडकतो. छान आहे, वापरून पाहिलं. पण त्याला त्याचेच जुळणारे बूट लागतात आणि माझ्या पायाला बसणारे बूट मला फार शोधून मिळालेत, ते मी सोडणार नाही. शिवाय १९९० च्या दशकातही स्टेप-इनची लाट आली होती आणि ओसरली होती. पट्टा टिकून आहे कारण तो कुठल्याही बुटाला चालतो. मुळात या खेळाला बाइंडिंगच नव्हतं. १९६५ मध्ये मिशिगनमधल्या मस्कीगनच्या शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकमेकींना जोडून 'स्नर्फर' केला, त्याला पुढे नुसती दोरी होती. १९७९ मध्ये मिशिगनमध्येच ग्रँड रॅपिड्सजवळ झालेल्या स्नर्फरच्या स्पर्धेत बर्टन कंपनीचे जेक बर्टन पाय बांधायची सोय केलेली फळी घेऊन आले तर त्यांच्यासाठी वेगळा गट करावा लागला. तेव्हा पट्ट्याला नावं ठेवण्याआधी जरा थांबावं असं माझं मत.

माझी कल्पना छोटीच. टाचेचा कप आणि पट्टा यांच्यामध्ये बसणारा एक ब्रॅकेट. पट्टा उघडला की तो बाहेरच्या बाजूला कललेल्या स्थितीत टक्कन अडकतो आणि तिथंच राहतो. ओढला की सुटतो. मूळ बोल्टचंच भोक वापरायचं, म्हणजे जुन्या बाइंडिंगलाही चालेल.

पेटंटचा अर्ज, थ्रीडी प्रिंट, हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. स्नोबोर्ड बाइंडिंगचा पेटंट वर्ग ए६३सी १०. त्याखालची जुनी पेटंटं इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि वाचाच. पट्टा उघडा ठेवायच्या युक्त्या माझ्याआधी बऱ्याच जणांनी काढल्या आहेत. माझा दावा त्यामुळे अगदी अरुंद उरला, पण उरला. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला की पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. छोट्या अर्जदाराला शुल्कात ६० टक्के सवलत आहे. नोकरी करत असाल तर आधी नोकरीचा करार काढून वाचा, शोधावर मालकी कोणाची ते त्यात असतं. थ्रीडी प्रिंटच्या भागानं माप आणि हालचाल तपासता येते, ताकद नाही. थर सुटतात.

खरी ताकद मोल्ड केलेल्या, म्हणजे साच्यात वितळलेलं प्लास्टिक भरून केलेल्या, भागातच कळते. त्यासाठी इथली एक मोल्डिंग कंपनी गाठली. मटेरियल ३० टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन, बाइंडिंगमध्ये सर्रास वापरतात ते. ॲल्युमिनियमचा मोल्ड ठरला. त्यांचा तपासणी अहवाल आला, त्यात भिंतींची जाडी, उतार, सगळं तपशिलात. फक्त 'गेट कुठे' या ओळीपुढे लिहिलं होतं: मोल्ड करताना ठरवू. गेट म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये शिरायचं तोंड. ज्यांना कुठलाही भाग मोल्ड करून घ्यायचा आहे त्यांनी लेख इथं थांबवून हे लिहून घ्या: 'ठरवू' वर सही करू नका. गेटची जागा आणि प्लास्टिक कसं भरेल याचं विश्लेषण हातात आल्याशिवाय मोल्ड कापायला परवानगी द्यायची नाही. मी गेटबद्दल विचारलं होतं, उत्तर आलं, 'आमचे लोक अनुभवी आहेत.'

नमुने आले. दिसायला देखणे. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले (घरच्या फ्रीजरचं उणे १८ सेल्सिअस आमच्या डोंगरावरच्या थंड सकाळीला पुरेसं), सकाळी गॅरेजमध्ये चेन पुलीला लटकवला वजनकाटा आणि ओढ दिली. तडा. दुसरा घेतला, तडा. सगळे एकाच रेषेत, बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर: डिझाइनमध्ये भिंत पातळ आहे, बदल हवा असेल तर पोर्टलवर बदलाची विनंती भरा. आणि तिथं तो रकाना.

पहिला पर्याय निवडला की खर्च माझा. दुसरा निवडला तरी माझाच. 'इतर' निवडलं की एक चौकट उघडायची, दोन-तीन ओळींत मावेल तेवढंच लिहायचं, आणि अर्ज अशा कुठल्यातरी सामाईक ईमेलवर जायचा जिथं तो कोणी उघडत नसावं. मग काही दिवसांनी स्वयंचलित उत्तर: 'मूळ कारण अपूर्ण, विनंती बंद केली आहे.' पुन्हा भरा. विक्रीवाल्या बाईंना फोन केला की त्या अतिशय गोड बोलून इंजिनिअरिंगकडे पाठवत. इंजिनिअरिंगमधला माणूस दर वेळी नवा, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं की स्नोबोर्डचं बाइंडिंग काय असतं. एकानं तर स्कीच्या बाइंडिंगची मानकं पाठवून दिली. इकडे प्रोव्हिजनलचे १२ महिने संपत चाललेले. अर्जात जे लिहिलंय तेवढंच संरक्षित, म्हणजे ब्रॅकेटचा आकार बदलणार असेल तर ते मुदतीआधी ठरायला हवं. वैताग याचा होता.

शेवटी भोसरीतल्या मामेभावाला फोन केला. त्याचं मोल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांचे क्लिप आणि कव्हरं करतो. व्हिडिओवर तुकडा दाखवला तर पहिलाच प्रश्न, 'ताई, दाणा सुकवला होता का त्यांनी?'

नायलॉनचा दाणा हवेतलं पाणी पितो. ओला दाणा मशीनमध्ये गेला तर त्याच्या साखळ्या तुटतात आणि भागावर चंदेरी रेषा उमटतात. माझ्या तुकड्यांवर त्या नव्हत्या. मग त्याचा दुसरा प्रश्न, भाग मोल्डमधून निघाल्यावर पाणी प्यायला दिलं का? हे उलटं वाटतं, पण नायलॉनचा ताजा, कोरडा भाग ठिसूळ असतो. थोडं पाणी शोषल्यावर त्याला चिवटपणा येतो. उरलेले तुकडे जुन्या पातेल्यात गरम पाण्यात ठेवले, थंड केले, ओढले. जरा जास्त ओढ सोसली आणि त्याच रेषेत फुटले.

'मग वेल्ड लाइन आहे,' तो म्हणाला. 'गेट कुठंय ते दाखव.'

गेटची खूण होती भोकाच्या एका बाजूला. वितळलेलं प्लास्टिक भोकासाठी मोल्डमध्ये असलेल्या खुंटीला अडून दोन भागांत वाहतं आणि पलीकडे परत भेटतं. जिथं भेटतं ती वेल्ड लाइन. तिथं काचेचे तंतू एकमेकांत शिरत नाहीत, रेषेला समांतर लोळतात. करंजीची कड नीट चिकटली नाही की तेलात नेमकी तिथंच उघडते, तसं. काचतंतूच्या नायलॉनमध्ये या रेषेची ताकद निम्म्यावर येऊ शकते. आणि टोसाइड, म्हणजे बोटांकडच्या कडेवर, वळण घेताना टाच उचलू पाहते, सगळी ओढ घोट्याच्या पट्ट्यावर, म्हणजे अगदी या रेषेवर. भिंत जाड करून काही होणार नव्हतं.

मला कारण कळलं, पण रकान्यात त्याला जागा नव्हती. 'तू कागद भरत बसू नकोस,' भाऊ म्हणाला, 'त्यांच्या मशीनवरच्या माणसाला शॉर्ट शॉट मार म्हणावं.' शॉर्ट शॉट म्हणजे मुद्दाम प्लास्टिक कमी सोडायचं, मोल्ड अर्धा, पाऊण, जवळजवळ पूर्ण असा भरायचा. मग प्रवाह कुठून कुठे गेला आणि कुठे भेटला ते डोळ्यांनी दिसतं. यात वाद उरत नाही.

पोर्टल सोडून मी कारखान्याचा मुख्य नंबर फिरवला आणि टूलरूम, म्हणजे मोल्ड बनवतात तो विभाग, मागितली. तिकडून एक वयस्क गृहस्थ बोलले. त्यांना मी 'वेल्ड लाइन' म्हटल्याबरोबर ते म्हणाले, हो, मी तेव्हाच बोललो होतो. कोणाला बोलले होते ते मी विचारलं नाही. त्यांनी शॉर्ट शॉट मारले, ओळीनं मांडून फोटो काढला आणि मला व इंजिनिअरिंगला एकाच ईमेलमध्ये पाठवला. पाऊण भरलेल्या तुकड्यात दोन जिभा भोकाच्या पलीकडे एकमेकींकडे येताना स्पष्ट दिसत होत्या. त्या एका फोटोनं जे काम केलं ते माझ्या सगळ्या अर्जांनी केलं नव्हतं. कारण काय नोंदवलं माहितेय? 'सातत्यपूर्ण सुधारणा.' हा पर्याय त्यांच्याकडच्या पडद्यावर होता, ग्राहकाच्या नाही.

जुनं गेट बुजवून नवं दुसऱ्या टोकाला केलं, म्हणजे प्रवाह जिथं भेटतात ती जागा ओढ नसलेल्या बाजूला गेली. त्या गृहस्थांनी आपणहून आणखी एक केलं: भेटायच्या जागी बाहेर एक छोटा खिसा दिला, त्यात थंड झालेलं पुढचं प्लास्टिक वाहून जातं आणि नंतर तो तुकडा कापून टाकतात. खर्च निम्मा निम्मा. मला तोही द्यायचा नव्हता, पण मुदत होती. ब्रॅकेटचा आकार तोच राहिला आणि पूर्ण अर्ज वेळेत गेला.

एक सांगायचं राहिलं, खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं: मोल्डच्या ऑर्डरवर 'मोल्डची मालकी ग्राहकाची' हे वाक्य घालून घ्या. माझ्या ऑर्डरवर होतं, म्हणून मी मोल्ड उचलून दुसरीकडे नेईन असं म्हणू तरी शकत होते. आणि कोणाला डिझाइन दाखवण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यावरही अर्जाला एक वर्ष मिळतं, युरोपात तशी सवलत मिळेल असं धरू नका. डोंगरावर लिफ्टच्या रांगेत लोक बाइंडिंगकडे बघून विचारतातच, तेव्हा हे लक्षात ठेवा.

नवे भाग गरम पाण्यातून काढून, गोठवून ओढले. या वेळी आधी पट्ट्याची शिवण उसवली, ब्रॅकेट तसाच. मी गॅरेजमध्ये एकटीच जोरात ओरडले, शेजारीण डोकावून गेली. मग नवीन पट्टा लावून, मूळ बोल्टला एक जादा दोरी बांधून, ब्रायटनच्या सगळ्यात सोप्या उतारावर. पट्टा उघडा उभा राहतो. उभ्या उभ्या पाय घालते, आवळते, निघते. दोरी आता काढली आहे.

मैत्रिणी विचारतात, विकणार का? बाइंडिंगचा भाग विकायचा म्हणजे उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा लागतो. त्याचं कोटेशन मागवलंय. आकडा पाहून ठरवीन.