आमची वाटचाल : जुनं मशीन चालू ठेवायचा धंदा

आमचा धंदा पाण्यातून उभा राहिला असं मी गमतीत सांगतो, पण ते खरंच तसं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी एका दुकानात कॉम्प्युटर असेंबलिंग करायचो, आणि त्यानंतरचे तीन आठवडे कुर्ला-कलिनाच्या तळमजल्यावरच्या ऑफिसांतल्या सीपीयूच्या पेट्या उघडायच्या, चिखल धुवायचा, बोर्ड स्पिरिटने पुसायचे आणि बहिणीच्या हेअर ड्रायरने सुकवायचे एवढंच केलं. दहातली चारेक चालू झाली असतील. पण तेव्हा एक कळलं, मशीनचं कोणालाच काही पडलेलं नसतं, त्याच्या आत जे आहे ते हवं असतं. २००६ ला मेहुण्याला सोबत घेऊन परळला आठ बाय दहाचा गाळा भाड्याने घेतला आणि एएमसीची, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराची, कामं सुरू केली.

पहिली सातआठ वर्षं काही वेगळं नव्हतं, फॉरमॅट मारा, अँटिव्हायरस टाका, प्रिंटर का चालत नाही ते बघा. खरी मजा आली २०१४ मध्ये. ८ एप्रिलला विंडोज एक्सपीला असलेला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपणार म्हणून टीव्हीवर बातम्या आल्या आणि गिरगावातले आमचे लग्नपत्रिकावाले काका, त्यांनी त्या रात्री मशीन बंदच केलं नाही! सकाळी फोन, "अरे, रात्रभर चालू ठेवलंय, आता बंद करू का? परत उठेल ना?" सपोर्ट संपणं म्हणजे मशीन मरणं नव्हे, फक्त यापुढे नवीन पॅच येणार नाहीत, म्हणजे आज सापडलेलं भोक उद्या कोणी बुजवणार नाही, हे समजवायला मला अर्धा तास लागला. हेच वाक्य मी आजपर्यंत किती जणांना सांगितलंय देव जाणे.

आता कोणी म्हणेल नवीन घ्या की, किती जुनं वापरणार. काकांकडे पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यात जुना मराठी फॉन्ट, युनिकोडच्या आधीचा, आणि त्याला पॅरलल पोर्टमध्ये, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या सॉकेटमध्ये, लावायचं डोंगल, म्हणजे किल्लीच. वीस वर्षांच्या पत्रिका त्या फाइलींमध्ये आहेत, थोरल्याची पत्रिका काढून धाकट्याची करणारी गिऱ्हाइकं आहेत त्यांच्याकडे. त्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे किडे दिसतात. नवीन मशीनला तर तो पोर्टच नाही. अंधेरीला एका वर्कशॉपमध्ये कटिंगचं मशीन एक्सपीवर चालतं, त्याचं कार्ड फक्त एक्सपीत चालतं आणि नवीन कंट्रोलरच्या पैशात अर्धा गाळा येईल.

काकांच्या मशीनची हार्डडिस्क कुरकुरायला लागली तेव्हा आम्ही फार मोठे शहाणे असल्यासारखी ती क्लोन करून एसएसडीवर टाकली, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेल्या जरा नवीन बोर्डवर लावली, आणि निळा स्क्रीन, शेवटी ७बी, म्हणजे विंडोजला डिस्कच सापडत नाही. दोन दिवस रॅम बदल, केबल बदल. मग लक्षात आलं की एक्सपीला एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायची नवी पद्धत, माहीतच नाही, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्कचा साटा मोड जुना आयडीई करायचा होता, एका मिनिटाचं काम! ते दोन दिवस ऐन लग्नसराईतले होते, काका काही बोलले नाहीत पण चहा पण विचारला नाही.

विंडोज सेव्हनचं प्रकरण वेगळं. नव्याने टाकलं की अपडेट शोधत रात्रभर बसायचं, प्रोसेसर एकटा धापा टाकतोय आणि हिरवी पट्टी आपली पुढे पुढे. त्याला क्रम लागतो. आधी एसपी १ हा मोठा पॅच, मग केबी ४४९०६२८ (केबी म्हणजे अपडेटचा नंबर), मग शा-टूवालं केबी ४४७४४१९, रिस्टार्ट, आणि मगच पुढचे. २०१९ पासून कंपनीने अपडेटवर सही, म्हणजे अपडेट खरा असल्याची खूण, फक्त शा-टू या नव्या पद्धतीची करायला सुरुवात केली, ती सही ओळखता आली नाही तर मशीन अपडेट घेतच नाही, ८००९२००४ चा एरर देऊन मोकळं होतं. आम्ही हे सगळं एका पेनड्राइव्हवर क्रमाने आकडे घालून ठेवलंय, मेहुणा त्याला "जानवं" म्हणतो, कायम गळ्यात.

१४ जानेवारी २०२० चा शेवटचा फुकट अपडेट आम्ही मोठ्या हौसेने सगळ्यांकडे टाकला. दुसऱ्या दिवशी दादरच्या एका डेंटिस्ट मॅडमचा फोन, स्क्रीनवर स्वामी समर्थांचा फोटो होता तो गेला, सगळं काळं, व्हायरस आला का, काही अपशकुन तर नाही ना? गेलो धावत. वॉलपेपर "स्ट्रेच" वर असेल तर त्या अपडेटनंतर काळा पडतो, ही चूक कंपनीने स्वतःच जाहीर केली होती. "फिल" केलं, स्वामी परत आले. सपोर्ट संपल्यावर सुद्धा त्याची दुरुस्ती सगळ्यांना दिली, केबी ४५३९६०२, आणि ती बसायला पण शा-टू आधी हवंच! मॅडमना मी यातलं काहीच सांगितलं नाही, "झालं" एवढंच म्हटलं.

त्यानंतरचा प्रश्न ब्राउझरचा. सेव्हनवर क्रोम १०९ ला थांबलं, मग आम्ही सगळ्यांना फायरफॉक्स ११५ ईएसआर, म्हणजे जास्त दिवस सपोर्ट मिळणारी आवृत्ती, दिला. आणि कधी कधी एकही साइट उघडत नाही, सर्टिफिकेटचा एरर, तेव्हा सगळ्यात आधी घड्याळ बघा. बोर्डवरचा दोन हजार बत्तीस नंबरचा सेल मेलेला असतो आणि मशीन स्वतःला २००९ मध्ये समजत असतं, म्हणून साइटची आजची सर्टिफिकेटं त्याला चुकीची वाटतात. असल्या कॉलचे पैसे मी घेत नाही, सेलचे घेतो.

एका गोष्टीवरून मात्र आमची भांडणं होतात. नव्या मशीनला नेटवर्कमध्ये एक्सपी दिसत नाही, कारण विंडोज टेनमध्ये २०१७ च्या शेवटापासून एसएमबी वन, म्हणजे नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत, आपोआप येत नाही. लोक म्हणतात ते चालू करून द्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून जगभर पसरला, इतका की बंद केलेल्या एक्सपीसाठी पण पॅच काढावा लागला. म्हणून आम्ही ते चालू करत नाही. एक्सपीची लॅन केबल काढायची, ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालणं) बंद, आणि फाइली एका ठरलेल्या पेनड्राइव्हने, तो पण आधी नव्या मशीनवर स्कॅन करून. गिऱ्हाइक चिडतं, दोन गिऱ्हाइकं गेली पण. जाऊ दे.

आता टेनची पाळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरची चांगली धडधाकट मशीनं विंडोज इलेव्हनच्या यादीत बसत नाहीत. घरच्यांना एक वर्षाची वाढीव मुदत आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ती आम्ही लावून देतोय. ज्यांना फक्त नेट आणि पत्रं टाइप करायचीत त्यांना विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून दिलं, तिघांना आवडलं, एकाने चौथ्या दिवशी परत आणलं.

काकांच्या मुलाने नवीन मशीन घेतलं, डिझाइन आता त्यावरच होतात. जुनं कोपऱ्यात आहे, पेटीवर मी लाल मार्करने "नेट लावू नये" लिहिलेलं. यंदा दसऱ्याला गेलो तर नव्याला नुसतं हळदीकुंकू आणि जुन्याला झेंडूची माळ, ती पण नेमकी मागच्या पंख्यावर. पहिली ती काढली, मग आपट्याचं पान दिलं.