पुणे ते नागपूर विमानाने: पाऊण तासाचे पाच तास कसे झाले

मावशीच्या साठीशांतीसाठी आईला नागपूरला न्यायचं होतं. गुडघ्यांमुळे तिला ट्रेनमध्ये तासन्‌तास बसवत नाही, आणि पुण्याहून गाडी दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घेऊन जाते, वंदे भारतलासुद्धा नागपूरच्या अजनी स्टेशनपर्यंत ८८१ किमीला १२ तास लागतात. म्हणून विमानाचं बघितलं. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हवाई अंतर साधारण ६०५ किमी आणि एका साईटवर वेळ दाखवला पाऊण तास! मी मावशीला लगेच फोन करून सांगितलं, ७:४० ची फ्लाईट आहे, नऊपर्यंत घरी येतो, पूजा त्या हिशोबाने ठेव.

तिकीट आलं तर त्यावर पोचायची वेळ ९:०५. मग बसून नीट समजून घेतलं. तो पाऊण तास म्हणजे ६०५ ला ताशी ८०० ने भागलेलं नुसतं गणित. विमान सुटल्याबरोबर ८०० ने जात नाही ना, चढताना उतरताना स्पीड बराच कमी असतो, १०,००० फुटांखाली साधारण ताशी ४६० किमीच्या वर सहसा जात नाहीत, शिवाय तिकिटावरची वेळ गेटवरून हलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, नंबर लागायची वाट बघणं सगळं आलं. लोहगाव तर एअरफोर्सचा तळ, रनवे त्यांच्यासोबत वाटून घ्यायचा. मावशीला परत फोन केला, पूजा साडेदहाला घ्यायला लावली. बरं झालं आधीच कळलं.

पहाटे ५ ला कोथरूडहून निघालो, रस्ता मोकळा होता म्हणून ५:४५ ला पोचलो. बॅगांचं काउंटर तासभर आधी बंद होतं हे लक्षात ठेवा, वेब चेक-इन केलं तरी बॅग द्यावीच लागते. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागितली होती. आईचं पहिलंच विमान, वर गेल्यावर विचारते, "अरे, मनमाड गेलं का?" तिला सांगितलं, हे अहिल्यानगर, वाशिम, वर्ध्याच्या बाजूने सरळ जातं, मनमाड लागतच नाही. सगळा वेळ ती खिडकीला चिकटून होती, मला फार बरं वाटलं तिला तसं बघून.

७:५५ ला उडालं, ८:५८ ला टेकलं, म्हणजे हवेत तासाभराच्या थोडं वर. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, त्यात बॅगा, बाहेर यायला ९:३५. धरमपेठेत मावशीच्या दारात बरोबर १० वाजता. घर ते घर पाच तास.

येताना मात्र संध्याकाळी ७ ला पुण्यात उतरलो, कॅबसाठी एअरोमॉलपर्यंत (विमानतळाजवळची पार्किंगची इमारत) जावं लागलं आणि तिथून कोथरूडला यायलाच दीड तास गेला, नागपूरहून उडून यायला लागला त्यापेक्षा जास्त. ज्येष्ठांना घेऊन येणार असाल तर संध्याकाळची फ्लाईट टाळा, दुपारची घ्या.